सहा नंबर गार लागतोय

तारीख सोळा, सोमवार, ज्येष्ठातली अमावास्या. पेण, ऑफिसची वरची खोली, सकाळी साडेदहा.

हजर: मी. आमचे सर. रोह्याहून आलेले भाई. पेणची तीन यंत्रं, म्हणजे कॉम्प्युटर, एक ते तीन. रोह्याची चार, पाच, सात आणि आठ. ती अर्थात रोह्यातच, पण तारेवरून हजर.

गैरहजर: रोह्याचं सहा नंबर. ते बंद करून, वर जुनी चादर टाकून, भाईंच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. तोंड भिंतीकडे का, हे मी भाईंना विचारलेलं नाही.

बैठकीचा कागद मी नेहमी असाच सुरू करते. आधी कोण आहे, मग काय करायचं आहे, मग ते कोणी करायचं आहे. ज्या कामापुढे नाव नाही ते काम होत नाही, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनं आणि दोन मुलांच्या शाळेनं शिकवलं. आज नऊ कामं होती. आठ वाटून झाली. नववं माझ्याच नावावर आहे आणि गेल्या अकरा कागदांवर ते तसंच पुढं सरकत आलं आहे. ते का राहिलं हे लिहायचं तर एक वर्ष मागं जावं लागेल, आणि एका जागी चाळीस वर्षं.

पेणच्या पश्चिमेला खाडीकाठची जी गावं आहेत त्यांची भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून तिथं भात होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण येतं, त्यात पाऊस जोराचा असला आणि वारा पाणी आत ढकलत असला, की खाडी बांधाच्या डोक्याला लागते. आधी कळलं तर माणसं मातीच्या गोणी घेऊन कमजोर जागी उभी राहतात. नाही कळलं तर बांध फुटतो. फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. खांड पडली की खारं पाणी शेतात पसरतं आणि ते शेत पुढची दोन-तीन वर्षं भात धरत नाही.

आमची संस्था लहान आहे आणि तिचं काम एकच: गावांना आधी सांगणं. भरतीचं कोष्टक, पाऊस, वारा आणि बांधाची मोजलेली उंची घेऊन प्रत्येक गावाचं वेगळं गणित करायचं. उधाणाच्या दिवशी दर तासाला. एका यंत्राच्यानं ते होत नाही, म्हणून आठ. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी बंद पडली तेव्हा ती जुन्यात मिळाली. तीन पेणला ठेवली, पाच रोह्याला, कारण वीज दोन्हीकडे एकदम जात नाही. रोह्याची पाच भाईंच्या ताब्यात. भाई आखातात अठरा वर्षं यंत्रांच्या थंड खोल्या सांभाळून परत आले आहेत. स्टेशनजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत ही पाच.

कोणत्या गावाचं गणित कोणत्या यंत्रानं करायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम माझा. त्याला आम्ही मुकादम म्हणतो.

काम वाटण्याच्या चार-पाच पद्धती मला कोर्समध्ये शिकवल्या होत्या. पण मुकादम लिहायला बसले तेव्हा मी वडिलांची वही काढली. आमचंही गाव खाडीकाठचंच. एका बांधाआड ज्यांची शेतं, त्या सगळ्या घरांची मिळून जोळ असायची. शिमगा झाला की जोळ बांधावर जमायची. बांध काठीनं मोजून घराघरात वाटलेला असे, आणि ज्याचा तुकडा त्यानं तो चिखल घालून भरायचा. जोळीची वही वडिलांकडे होती. ते एकेका घराचं नाव घ्यायचे, आणि त्या घरचा माणूस म्हणायचा, "हाय." कोणी नसला तर शेजारचा दोनदा म्हणायचा आणि सगळे हसायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. वडील मला वही धरायला द्यायचे आणि प्रत्येक 'हाय'ला मी पेन्सिलीनं टिंब द्यायची. माझी सगळी यादीगिरी तिथून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

दोन नियम मी वहीतून जसेच्या तसे उचलले. पहिला: मुकादम दर मिनिटाला प्रत्येक यंत्राला विचारतो, "हाय?" आणि यंत्र उत्तर देतं, "हाय." शब्दसुद्धा हेच घातले. सर तेव्हा म्हणाले होते, "बाई, बाहेरच्या कोणी बघितलं तर काय म्हणेल? निदान 'आहे' तरी लिहा." मी नाही लिहिलं. दुसरा नियम: ज्याचा हात आधी रिकामा झाला त्याला पुढचं काम. जोळीतही ज्याचा तुकडा लवकर भरून झाला तो शेजारच्या तुकड्याला लागायचा. कोणी बसून राहायचं नाही.

एक गोष्ट वहीत नव्हती. माझे एक चुलत आजोबा होते, वडिलांचे काका. बांधाआड त्यांची जमीन नव्हती, त्यामुळे त्यांच्या नावाचा तुकडाही नव्हता आणि वहीत नावही नव्हतं. सगळ्यांचं भरून झालं की ते अनवाणी बांधावरून चालत निघायचे. दर तीन पावलांवर थांबून उजवी टाच दाबायचे. टाच रुतली की नुसतं बोट खाली करायचे. ज्याचा तुकडा तो माणूस शिव्या घालत पुन्हा उकरायला लागायचा. "म्हातारा मेला का सुटलो," असं त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि ते म्हणायचे, "मी मेलो तरी टाच मागं ठेवून जाईन."

ठेवली नाही. किंवा ठेवली असेल, पण वहीत लिहिलेली नव्हती, आणि मी वहीवरून काम केलं.

आता आत्या. वडिलांची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली, पेणहून मिनीडोअर रिक्षानं अर्ध्या तासावरच्या गावात एकटी राहायची. तिचं घर बांधापासून हाकेच्या अंतरावर आणि शेत बांधाला लागून. मुलगा कळंबोलीला सहाव्या मजल्यावर. तो दर दिवाळीला न्यायला यायचा आणि दर दिवाळीला त्यांच्यात तेच बोलणं व्हायचं. ती म्हणायची, "भात कोन झोडेल, तुझी लिफ्ट?" शेवटी दोघांत ठरलं होतं, आणि ते ठरलं तेव्हा मी ओटीवर बसलेली होते. आत्या म्हणाली, "शेत पिकतंय तोवर मी हितंच. नाय पिकलं, तर तू सांगशील तिथं." मुलानं मान्य केलं. तेव्हापासून त्या शेतावर भातापेक्षा जास्त काही अवलंबून होतं, हे आम्हा तिघांना माहीत होतं.

मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, पश्चात बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेची किल्ली आत्याकडेच राहिली. म्हणून त्या गावाचा संदेश तिच्या फोनवर जायचा. संदेश आला की ती आठ घरांना हाका मारायची, आणि आठ माणसं गोणी घेऊन जुन्या खांडीच्या जागी जायची. ती एकच जागा कमजोर होती. सुरुवातीच्या दोन उधाणांना हे असंच झालं आणि बांध टिकला.

मग तिनं एकदा तक्रार केली. "सकाली तुझा मेसेज आला. आठ मानसं ताटावरनं उठवली. नि पानी बांधाच्या पायथ्याला बी नाय. सगले हसतात गो मला. म्हनतात, म्हातारीला भाचीनं खेलना दिलाय."

तक्रार बरोबर होती. दुसऱ्या गावांतूनही तसंच येत होतं. मी कामाच्या कागदावर लिहिलं: विनाकारण संदेश जाऊ नये. जबाबदारी: मी. त्याच दिवशी बदल केला. पाणी बांधाच्या डोक्याखाली वीतभर येऊन ठेपणार असेल तरच संदेश जाईल. आकडा त्याहून लांबचा असेल तर जाणार नाही. आणि आकडाच नसेल तर? त्या ठिकाणी मी एक ओळ लिहिली: आकडा नसेल तर संदेश नाही. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. काम पूर्ण अशी खूण केली आणि चहा प्यायला खाली गेले.

आषाढात सहा नंबर चांगलं काम करायला लागलं. मी यंत्रांचा आठवड्याचा तक्ता काढते, कोणी किती गणितं केली त्याचा. सहा नंबर सगळ्यांच्या पुढं होतं. बाकीची यंत्रं एका गावाला तीन-चार मिनिटं घ्यायची. याचा हात कायम रिकामा. मी तक्त्यावर त्याच्यापुढे 'उत्तम' असं लिहिलं. यंत्रापुढे असं लिहिण्याची काही गरज नव्हती, पण मला सवय आहे.

अमावास्येच्या तीन दिवस आधी भाईंचा फोन आला.

"ताई, सहा नंबर गार लागतोय."

भाई रोज सकाळी दुकान उघडण्याआधी पाचही यंत्रांना हाताची मागची बाजू लावून बघतात, ताप बघतात तशी. ती त्यांची आखातातली सवय.

"गार म्हणजे बंद आहे का?" मी विचारलं.

"बंद नाय. दिवा हाय, पंखा हाय. मुकादमाला हाय म्हनतोय. पन गार हाय."

"भाई, तक्ता माझ्यासमोर आहे. या आठवड्यात सगळ्यात जास्त कामं त्यानंच केलीयत."

"तेच तर. एवढं काम करनारा गार कसा?"

"पंखा चांगला असेल त्याचा."

भाई हसून म्हणाले, "माझा मेव्हना पन असाच. कंपनीत सगल्यात जास्त काम करतो, नि घाम नाय येत त्याला."

मीही हसले. कागदावर लिहिलं: सहा नंबर गार, बघणे. मग तक्ता पुन्हा पाहिला, आकडे जुळले, आणि ती ओळ खोडली. लिहिणं आणि खोडणं यात दहा मिनिटं गेली असतील. तो कागद माझ्याकडे आहे. खोडलेली ओळ वाचता येते.

अमावास्येच्या दिवशी पाऊस पहाटेपासून होता आणि वारा खाडीकडून. भरतीची वेळ दुपारी एकच्या सुमाराला. अकराच्या फेरीत चौतीस गावं होती. अकरा वाजून आठ मिनिटांनी माझ्या पडद्यावर चौतीसही गावांपुढे पूर्ण अशी खूण आली. इतक्या लवकर कधीच झालं नव्हतं. संदेश फक्त सात गावांना गेले. मला बरं वाटलं. आता विनाकारण कोणाला उठवत नाही आपण, असं मनात आलं.

अकरा वीसला आत्याचा फोन.

"मेसेज नाय आला गो. नीट हाय ना सगलं? वारा बघून मानसं आलीत गोनी घेऊन. ओटीवर बसवलीत मी."

मी पडद्यावर तिच्या गावाची ओळ काढली. खूण होती. यंत्र: सहा. स्थिती: पूर्ण. मी म्हटलं, "आत्या, तुझ्या गावाचं गणित झालंय. काही नाही. निर्धास्त राहा."

"बघ हां. मग पाठवते यांना जेवायला."

फोन ठेवता ठेवता ती माणसांना सांगत होती ते मला ऐकू आलं: "जा रे, भाचीनं बघितलंय."

एक वाजून दहा मिनिटांनी जुन्या खांडीच्या जागी बांध गेला. आधी चार हात, मग बघता बघता वीस. लावणी होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते.

मी तिसऱ्या प्रहरी मिनीडोअरनं पोचले. बांधाआडची सगळी शेतं एका रंगाची झाली होती आणि रोपांचे शेंडेही दिसत नव्हते. आत्या ओटीवर उभी होती. मला बघून म्हणाली, "तू कशाला आलीस गो, साडी भिजल." शेजारचा एक म्हातारा गोणीवर बसून विडी पेटवत होता. तो कोणाकडेच न बघता म्हणाला, "आमचा कॉम्पुटर बरा. गुडघा दुखला का उधान. सकालपासनं दुखत व्हता." दोघे-तिघे हसले, पण हसण्यासारखं कोणाच्या तोंडावर काही नव्हतं. आत्या त्याच्यावर खेकसली. "हिचा काय दोष? कॉम्पुटर सांगल तेच ही सांगनार ना? मशीनला काय, मानसाला काय, उधानाचं कोनाला कलतं?"

ती माझ्यासाठी भांडत होती, आणि मी तिच्या शेजारी उभी राहून ऐकत होते. कॉम्प्युटरनं काय सांगितलं होतं ते मला तेव्हा अजून माहीत नव्हतं. पण संशय आला होता. त्या दिवशी गार हा शब्द माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला तो पेणला नाही, तिथं ओटीवर, घोटाभर पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं रोह्याला गेले. निडीला गाडी थांबली तेव्हा मी प्रश्नांची यादी करत होते. सात झाले होते. भाईंनी एकाच उत्तरात सगळे संपवले. सहा नंबरची डिस्क खराब झाली होती. गणिताला लागणारे आकडे तिच्यावरून वाचताच येत नव्हते. यंत्र गणित सुरू करायचं, आकडे मिळायचे नाहीत, तिथंच सोडायचं आणि रिकामं उत्तर परत पाठवायचं. पंधरा-वीस सेकंदांत. पंधरा-वीस सेकंदांत काम संपलं म्हणजे हात रिकामा. हात रिकामा म्हणजे मुकादम पुढचं काम त्यालाच देणार. अकराच्या फेरीतली चौतीसपैकी बावीस गावं एकट्या सहा नंबरनं 'केली' होती. बावीसही उत्तरं रिकामी. बाराच्या फेरीतही तसंच, आणि आत्याचं गाव पुन्हा त्याच्याचकडे. आणि आकडा नसेल तर संदेश नाही.

जे यंत्र काहीच करत नव्हतं त्यालाच सगळ्यात जास्त काम मिळत होतं, कारण ते काहीच करत नव्हतं. हा दोष माहितीतला आहे, अनुभवी माणसं त्यावर आधीच बंदोबस्त करतात. उत्तर आलं एवढ्यावर थांबायचं नाही, उत्तर उघडून बघायचं. मी तो बंदोबस्त केला नव्हता. बावीसपैकी एकवीस गावांत पाणी बांधाच्या खालीच राहिलं, म्हणून तिथं कोणाला काही कळलंही नाही.

भाई 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ताई, मी परत फोन करायला पायजे होता. एकदा सांगून गप बसलो." मग त्यांनी सहा नंबरची वायर काढली.

अहवाल मी लिहिला. सर वाईट माणूस नाहीत. संस्था बंद पडली तर चौतीस गावांना कोणीच सांगणारं राहणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. त्यांनी विचारलं, "बांध त्या जागी आधीपासून कमजोर होता, हे खरं ना?"

"हो."

"वारा अंदाजापेक्षा जास्त होता?"

"हो."

"मग ते लिहा. यंत्राचं एका ओळीत लिहा. गावाला एवढं खोलात सांगायची गरज नाही, त्यांना कळणारही नाही."

मी लिहिलं. 'एका यंत्रात तांत्रिक अडचण उद्भवली असल्याचे नंतर निदर्शनास आले.' त्या वाक्यात कोणाचंच नाव नाही. मी आयुष्यभर लोकांच्या कागदांवर अशी वाक्यं लाल पेनानं खोडत आले आहे.

गोणी टाकून खांड बुजवली गेली. पण शेतात पांढरी मीठफुटी आली, आणि आत्यानं दसऱ्याला मुलाला स्वतःहून फोन केला. ठरलं होतं ते तिनं पाळलं. मुलगा टेम्पो घेऊन आला, मी सामानाची यादी केली. तेवीस नग. तेविसावा नग बियाण्याच्या भाताचा पत्र्याचा डबा. मुलगा म्हणाला, "आई, हा कशाला?" ती म्हणाली, "डबा चांगला हाय." डब्यात काय आहे हे दोघांनाही माहीत होतं. उघाडीची किल्ली कोणाला द्यायची हे विचारायला ती पाच घरी जाऊन आली. कोणी घेतली नाही. बांधाआड आता राखायला काही नव्हतं. शेवटी किल्ली तिनं मामांच्या फोटोमागे खिळ्याला लावली आणि घराला कुलूप घातलं.

टेम्पोत मी तिच्या शेजारी बसून पेणपर्यंत आले. अर्धा तास. सांगायचं ठरवून बसले होते. वाक्यसुद्धा तयार होतं: आत्या, तू फोन केलास तेव्हा मी बघितलं नव्हतं. मी फक्त खूण बघितली होती. ती वाटभर मला सांगत होती की सहाव्या मजल्यावर भरतीचा वास येत नाही, म्हणजे अवस-पुनव कळायची नाही, तर मी फोन करून सांगत जावं. मी 'हो' म्हटलं. पेण आलं, मी उतरले.

आता आजची बैठक. सुधारणा सगळ्या झाल्या आहेत, त्या लिहिते. रिकामं उत्तर आलं तर मुकादम ते काम दुसऱ्या यंत्राला देतो आणि पहिल्याला बाजूला काढतो. प्रत्येक गावाचं गणित दोन यंत्रं करतात आणि आकडे जुळले तरच खूण लागते. फार लवकर उरकलं तर मला फोनवर घंटा वाजते. आणि रोज सकाळी भाई हाताची मागची बाजू लावतात, ते आता कामाच्या कागदावर आहे, त्यांच्या नावानं. भाई म्हणाले, "आता पगारी टाच झालो की मी." चुलत आजोबांची गोष्ट मी त्यांना सांगितली होती.

आठ कामं वाटून झाली. सरांनी नववं वाचलं: "आत्यांच्या गावाचा संदेश कोणाला पाठवायचा? अजून कळंबोलीचाच नंबर आहे इथं."

आहे. दसऱ्यापासून त्या गावाचा संदेश सहाव्या मजल्यावर जातो. गणित नीट होतं, दोन यंत्रं करतात, आकडे जुळतात, यंत्रं गरम असतात, संदेश वेळेवर पोचतो. आत्या तो वाचते आणि गावात फोन लावते. दोन घरं उचलत नाहीत, तिसरं म्हणतं, "बघतो," आणि बघत नाही. मग ती मला फोन करते, की सांगितलं मी.

"गावातला दुसरा नंबर घ्या आणि हा काढून टाका," सर म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे, बाई. इतके महिने काय चाललंय?"

भाई खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना माहीत आहे. नंबर काढायचा तर तिला सांगावं लागेल. ती विचारेल, का गो. आणि त्याचं खरं उत्तर गेल्या आषाढातल्या अकरा वीसपासून सुरू होतं.

तेवढ्यात तिचाच फोन आला. आज अमावास्या, येणारच होता. मी बैठकीत आहे असं सांगायला उचलला.

"अवस हाय ना गो आज? मेसेज आला. वीतभर म्हनतो. गावात लावला फोन, कोन उचलत नाय. तू बघितलंस ना नीट?"

"बघितलं, आत्या."

"तवा पन तू बघितलं व्हतंस. मी सगल्यांना तेच सांगते. परवा सून म्हनाली, तुमच्या भाचीच्या मशीनची चूक असल. मी म्हटलं, तिनं सोताच्या डोल्यांनी बघून सांगितलं व्हतं मला. ती वही धरायची लहानपनी, तिची चूक नाय व्हायची." सर घड्याळ बघत होते. "ऐकतेस ना गो? हायस ना?"

"हाय," मी म्हटलं.

ती म्हणाली मग ठेवते, आणि ठेवला.

बैठक पावणेबाराला संपली. भाईंना परतीची गाडी गाठायची होती. सर खाली गेले. मी कागद पूर्ण केला, आठ कामांपुढे आठ नावं आणि तारखा. जुन्या खांडीच्या जागी आज पाणी वीतभर खाली राहील; तिथं गोणी घेऊन कोणीही नसेल.

काम नऊ: आत्याला सांगणे, मग तिचा नंबर काढणे. जबाबदारी: मी. स्थिती: बाकी.